पदरातली मिरची

मसाला कांडपाच्या दुकानात सगळे तोंडाला रुमाल लावून उभे असतात. परवा रांगेत माझ्यापुढे शेजारच्या चाळीतल्या सरूमावशी होत्या, आणि पिशवी धरायला त्यांचे धाकटे दीर, बाळूकाका. काकांचा डावा डोळा पांढरा आहे. मी विचारलं, "गिरणीत काम करताना लागलं का?"

"गेटवर लागलं," काका हसले. "आमच्या वहिनीचा नेम!"

कापड गिरण्यांच्या संपात बायका पदराला मिरचीपूड बांधून गिरणीच्या गेटवर उभ्या राहत आणि संप फोडून आत शिरणाऱ्याच्या डोळ्यांत मूठ रिकामी करत. काकाही ओळख पटू नये म्हणून तोंडाला फडकं बांधून कामावर गेले. मूठ पडली, मग दगड पडले. रक्तानं भिजलेलं फडकं सोडल्यावर कळलं, माणूस घरचाच आहे.

भाषणांत लाल झेंडा येतो, पोलिसांची लाठी येते. घरच्यांनी घरच्यांना दिलेला मार मात्र कुणी सांगत नाही. गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे, आणि हे दोघं अजून एकाच तव्यावरची भाकरी खातात.

"ओळखलं असतंस तर सोडलं असतंस ना, वहिनी?" काकांनी एकदम विचारलं. आता ते हसत नव्हते.

मावशींनी गरम तिखटाची पिशवी त्यांच्या हातात दिली. "माझी पोरं उपाशी होती, तरी मी गेट सोडलं नाही, बाळू. ओळखलं असतं तर दोन मुठी टाकल्या असत्या."

काकांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि ती खांद्यावर घेतली.