तुरीच्या दाण्याएवढं पॅलेडियम

मागच्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांनी मानोऱ्यातलं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केलं. हात थरथरायचे, आणि टीव्ही दुरुस्तीला आणणारंही फारसं कोणी उरलं नव्हतं. जुन्या सर्किट बोर्डांनी भरलेली पोती भंगारात जाणार होती. मी म्हटलं, "मामाजी, हे इकू नका. मी याच्यातून पॅलेडियम काढीन."

"ते काय असते?"

"चांदीसारखा दिसते, पण लय दुर्मिळ धातू हाये."

"कॉलेजात केमिस्ट्री शिकवतं ना तू? मंग घरी काहून हा पसारा?" ते म्हणाले खरे, पण पोती त्यांनी मलाच दिली.

पॅलेडियम असतं ते तांदळाएवढ्या कपॅसिटरमध्ये; पहिल्या पोत्यातल्या बोर्डांवरचे ते मी उपटले. लोहचुंबकाला चिकटले त्यांत निकेल, म्हणून ते टाकले. उरलेले कुटले आणि शेतातल्या उघड्या शेडमध्ये, हातमोजे-चष्मा घालून, नायट्रिक आम्लात विरघळवले. मिठाच्या पाण्यानं चांदी दह्यासारखी खाली बसली, ती गाळून काढली. राहिलेल्या तांबूस पाण्याच्या थेंबात तपासणीचं रसायन घातलं, तसा पिवळाधमक साका आला. पॅलेडियम होतंच. पुढे ते दोनदा शुद्ध केलं आणि हाती आली काजळीसारखी काळी भुकटी.

ती वितळवायला मी आणि मामाजी बाजारातल्या सोनारकाम करणाऱ्या चाचांकडे गेलो. चाचांनी बराच वेळ ज्योत धरली. भुकटी नुसती लाल झाली.

"बेटी, चांदी असती त कवाचीच पानी झाली असती," चाचा म्हणाले.

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे आता. राख हाये ते."

मला मात्र बरं वाटलं होतं. "चाचा, वितळली असती तरच मी घाबरली असती. पॅलेडियम चांदीवानी लवकर वितळत नाही, याले ऑक्सिजनची ज्योत लागते."

चाचांनी दुकान पोराच्या भरवशावर सोडलं आणि आमच्यासोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे आले. तिथल्या झोतात भुकटी आकसली, गोल झाली आणि थरथरत चमकली. पण निवताना तिच्यावर निळा-जांभळा थर चढला.

"जळलं," मामाजी हळूच म्हणाले.

"नाही जळलं. हवा लागली त्याले, लय तापवलं की तो थर जाते." मी तो गोळा पुन्हा लालभडक करायला सांगितला आणि चटकन पाण्यात टाकला. बाहेर काढला तेव्हा तो पांढराशुभ्र होता, तुरीच्या दाण्याएवढा.

चाचांनी तो कसोटीच्या दगडावर घासला, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला आणि मान डोलावली. मग त्यांनी तो मामाजींच्या हातावर ठेवला. मामाजींनी मूठ मिटली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हे आपल्या दुकानातून निघालं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर ते ओट्यावर दुसरं पोतं रिकामं करून बसले होते. "कोणता बोर्ड कशाचा, तुले वळखू येत नाही," ते म्हणाले. "रंगीत टीव्हीचे बोर्ड मी वेगळे काढून राह्यलो, त्याच्यावर ते बारके कपॅसिटर जास्त असतात."