नानांनी छापलेली माफी

परवा धुळ्यात नानांच्या शोकसभेला गेलो होतो. नाना म्हणजे आमच्या पेपरचे मालक. सायकलवर अंक टाकण्यापासून सुरुवात करून त्यांनी जळगाव-धुळ्यात पेपर उभा केला, मग केबल चॅनल, आणि शेवटी हौस म्हणून स्वतःची कबड्डी टीम…

सगळे भरभरून बोलले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून हातानेच नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते त्या मंडपात सांगवलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

मी तेव्हा क्रीडा पान बघायचो. आमच्या टीमचा हुकमी चढाईपटू होता सुनील, एरंडोलजवळच्या एका खेड्यातला. नानांचा फार जीव त्याच्यावर. प्रॅक्टिसला आले की आधी विचारायचे, "सुन्या जेवला का?"

जळगावला फायनल होती. शेवटच्या चढाईत सुनील पकडला गेला आणि आपण एका गुणाने हरलो. नाना पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते… त्यांचा चेहरा मी बघितला होता.

संध्याकाळी नानांचा फोन आला. आदल्या दिवशी सुनील समोरच्या टीमच्या मॅनेजरबरोबर चहा पिताना दिसला, असं त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं. "छाप," म्हणाले. मी म्हटलं, "नाना, सुनीलला एकदा विचारू या का?" ते म्हणाले, "पेपर माझा आहे, टीमपण माझी आहे."

मी हेडिंग दिलं… 'सुनीलने सामना विकला?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण मोकळे, असं आम्हाला शिकवलेलं होतं. चॅनलवर दिवसभर तीच पट्टी फिरत राहिली.

सुनीलने काहीच खुलासा केला नाही. किट ऑफिसात आणून ठेवलं आणि गेला. पुन्हा मैदानावर दिसला नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. एका लग्नात तोच मॅनेजर नानांना भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमचा सुनील चांगला पोरगा होता. त्याच्या बहिणीसाठी मी आमच्या नात्यातलं स्थळ सुचवलं होतं, त्याचंच बोलायला बसलो होतो आम्ही. पेपरात ते आलं आणि आमच्याकडच्यांनी नकार कळवला."

नाना त्या लग्नात जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी माझ्या दारात. "चल, एरंडोलला जायचंय." तोवर त्यांना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या.

सुनील गावात पिठाची गिरणी चालवतो. आम्हाला बघून त्याने पट्टा बंद केला, हात झटकले आणि म्हणाला, "या नाना." इतकंच… त्याच्या भुवयांवर पीठ बसलेलं होतं.

घरी नेलं. त्याच्या आईने पाणी दिलं, "बसा भाऊ, चहा करस," म्हणाली. आम्ही कोण हे तिला अजून माहीत नव्हतं.

नानांनी उभं राहून हात जोडले. "सुनील, माझ्याकडून पाप झालं. उद्या पहिल्या पानावर माफी छापतो." सुनील खाली बघत म्हणाला, "राहू द्या नाना. मला आता काही वाटत नाही."

आईच्या तेव्हा लक्षात आलं. ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. भिंतीवर सुनीलच्या वडिलांचा, आबांचा, हार घातलेला फोटो होता. त्याकडे बघत म्हणाली, "आते छापीसन काय फायदा भाऊ? वाचणारा तं गया."

मग सुनीलनेच सांगितलं. आबा रोज आमचाच पेपर वाचायचे. सुनीलचे फोटो कापून वहीत चिकटवायचे. ती बातमी आली त्या दिवसापासून ते सुनीलशी बोलले नाहीत. "मी पाया पडून सांगितलं, आबा, मी असं काही केलं नाही. ते म्हणाले, पेपरमा उनं शे, खोटं कसं ऱ्हाई? पेपरात आलंय म्हणजे खरंच, हेच धरून बसले. त्यानंतर शब्द नाही… चार वर्षं. शेवटी दवाखान्यातसुद्धा मान फिरवून घेतली त्यांनी."

नाना मटकन खाली बसले, जमिनीवरच. आईने तरीही चहा आणला. तिने नानांच्या हातात कप दिला तेव्हा सुनीलने खालून बशी धरली.

परतताना पारोळ्याला नानांनी गाडी थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आपल्या पेपरवर विश्वास ठेवा. त्या माणसाने ठेवला."

माफी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, चौकटीत. हेडिंगमध्ये 'सुनील निर्दोष'. मी म्हटलं, "नाना, माझंही नाव घाला." त्यांनी मान हलवली. "तू नोकर होतास. हुकूम माझा होता."

अंक निघाला त्या दिवशी दुपारी सुनीलचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, आईने मला मोठ्याने वाचायला लावलं. आबांच्या फोटोपुढे बसून. दोनदा." आणि फोन ठेवला.

नानांनी त्यानंतर टीम सोडली. ऑफिसलाही फारसे येत नसत.

जाताना नाना सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन गेले. पण त्या संध्याकाळी सुनीलला एक फोन करायला मला कोणी अडवलं नव्हतं. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी केला नाही… नोकरीच्या भीतीने. सुनील, तुझ्या घरी त्या दिवशी बसूनही हे मला तुझ्यासमोर म्हणता आलं नाही. आज म्हणतो. मला माफ कर.