इंदूताईंचा धुरा

नामदेवरावांचा फोन आला तेव्हा मी प्रतापनगरच्या घरी भाजी निवडत बसले होते. मौद्याच्या पुढे आमच्या इंदूताईंचं शेत, त्याला लागूनच त्यांचं. “वहिनी गेल्या जी...” एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. ज्या माणसाशी ताई आयुष्यभर धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडल्या, तोच सगळ्यांत आधी रडला. मग मलाही आवरेना.

इंदूताई माझ्या थोरल्या नणंद. यजमान गेल्यावर शेती एकटीनं ओढली. बोलणं फटकळ, पण घरी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तीनेक वर्षांपूर्वी धुऱ्यावर झाडं लावण्याची सरकारी योजना आली. रोपं लावायची आणि दरवर्षी पाहणीत जेवढी जिवंत निघतील, त्या हिशेबानं अनुदानाचा हप्ता खात्यात जमा. रानडुकरांनी ताईंना जेरीस आणलं होतं. हप्त्यातून त्यांना तारेचं कुंपण करायचं होतं. “सावलीनं माझं धान खुरटेल” म्हणून नामदेवरावांनी आकाशपाताळ एक केलं. ताईंनी रोपं आपल्या शेताच्या अंगाला सरकवली आणि वर त्यांनाही अर्ज भरायला लावला!

उन्हाळ्यात ताईंनी कळशीनं पाणी घातलं, तरी निम्मी रोपं वाळली. गावात सगळ्यांचीच तीच गत. पाहणीच्या आदल्या दिवशी मी तिथेच होते. लोक कडुनिंबाच्या ताज्या फांद्या तोडून खड्ड्यांत खोचत होते. नामदेवराव तर ताईंसाठीही एक भारा घेऊन आले.

“खोचून द्या जी वहिनी. फोटोत कोणाले समजते?”

“नाई भाऊजी. मेलं ते मेलं. त्याले काहून उभं करता?”

“सारं गाव करून राहिलं!”

“करू द्या. मंग उद्यापासून फांदीले पाणी घालू का मी?”

मला राहवेना. “ताई, आणि कुंपण?” म्हटलं, तर म्हणाल्या, “तू चहा ठेव वं.”

दुसऱ्या दिवशी कृषी सहायकाला त्यांनी स्वतः हिंडवलं आणि वाळलेला एकेक खड्डा बोटानं दाखवला. हप्ता कापला गेला, कुंपण राहूनच गेलं, आणि हिवाळ्यात डुकरांनी तूर आडवी केली. मी चिडून म्हटलं, “आता खरेपणाचं लोणचं घाला.” ताई खो खो हसल्या. “घालते ना, तुले बरणीभर देते!” पुढच्या पावसाळ्यात त्यांनी रिकाम्या खड्ड्यांत मोह आणि सीताफळ लावलं, आणि या वेळी रोपांनी मूळ धरलं. नुकसान सोसून हसणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

ताईंना जाऊन काही आठवडे झाले, तोच शेवटच्या हप्त्याची पाहणी लागली. आम्हाला त्यातलं काय कळतंय... नामदेवरावच पुढे झाले. ताईंची झाडं दाखवताना त्यांचा हात प्रत्येक खोडाला लागत होता. मग त्यांच्या स्वतःच्या शेताच्या अंगाची रांग आली. एका हिरव्या रोपासमोर साहेबांनी फोटोसाठी मोबाइल वर धरला. नामदेवराव थबकले. तिथेच घुटमळले. मग एकदम खाली वाकले आणि सकाळीच खोचलेली फांदी त्यांनी उपटून बाजूला टाकली.

“हे मेलं हाय, साहेब,” ते म्हणाले. “पुढं चला.”