विष्णूचे बूट आणि माझा नारळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तसा मी पाणाड्या... तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचं, जमिनीत पाणी असेल तिथं तो उभा राहतो, असं लोक समजतात. खरं सांगू? जमीन, झाडं बघून जागा मी ठरवतो आणि नारळ बोटांनी मीच उभा करतो. चमत्कार कसे होतात ते मला चांगलं माहीत आहे.

आमचं गाव नांदूरघाटच्या जवळ. दुष्काळात आमच्या मजूर सहकारी संस्थेला लांबचं एक काम मिळालं — पूर्वी जिथं अणुबॉम्बचं संशोधन चालायचं, तिथली किरणोत्सारी माती खरवडून पिंपांत भरायची. चुलतभाऊ विष्णू गेला, मला वय झालं म्हणून गाळलं. काही महिन्यांनी विष्णू परतला तो गुडघ्यापर्यंतचे पिवळे बूट घालून. मग काय! पारावर विष्णू, चहाला विष्णू. माझी बायकोसुद्धा त्याच्यासाठी ठेवणीतली कपबशी काढायची. मी मात्र कान तुटलेल्या कपातच प्यायचो.

पुढं पिण्याच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. आत आडवं बोअर कुठल्या बाजूनं मारायचं ते मी सांगायचं, आणि आधी उतरून गाळ काढायचा मान... अर्थात विष्णूचा. मी नारळ घेऊन विहिरीभोवती फिरलो. विष्णूसमोर आलो आणि नारळ उभा राहिला. मी बोट हलवलं नव्हतं! मागं सरकलो, आडवा झाला. पुढं आलो, पुन्हा ताठ.

"माझ्यात पाणी हाय का, दादा?" विष्णू म्हणाला. सगळे खो-खो हसले.

म्हणजे आता माझा नारळसुद्धा ह्यालाच सलाम ठोकणार? माझं डोकंच फिरलं.

"पायताण घालून हिरीत उतरतूस कशाला रं? गाव पितंय हे पाणी. काढ आधी!"

आमच्याकडं तसं खरंच कुणी उतरत नाही, त्यामुळं म्हाताऱ्यांनी माझीच री ओढली. विष्णू तोंड पाडून अनवाणी उतरला. तो खाली गेला तरी कठड्याजवळच्या रिकाम्या बुटांपुढं नारळ उभाच... मी घाबरून तो पिशवीत टाकला.

थोड्या दिवसांनी तिकडून जीप आली. बुटांचा एक जोड कमी भरत होता म्हणे. निघताना बूट पिंपात टाकायचा नियम. पण एवढे चांगले बूट फेकणं विष्णूच्या जिवावर आलं, त्यानं ते वळकटीत लपवून आणले होते. जीपमधल्या साहेबांनी किरणोत्सार मोजायचं मीटर बुटांजवळ नेलं तसं ते कडकड वाजायला लागलं. तळाच्या खाचांत तिथली माती अडकली होती. विहिरीवर मात्र मीटर गप्प राहिलं.

"हे घालून उतरला असता तर विहीर बंद करावी लागली असती," साहेब म्हणाले.

बूट घेऊन जीप गेल्यावर विष्णू घरी आला. "दादा, तुला कसं कळलं?"

"कळलं कुठं... जळत व्हतो तुझ्यावर."

"ते ठावं हाय मला," तो म्हणाला. बायकोनं तीच कपबशी त्याच्यापुढं ठेवली.

पाण्यासाठी नारळ मी उभा करतो. त्या दिवशी मात्र तो मी उभा केला नव्हता, एवढं शपथेवर सांगतो. गावात ही गोष्ट आता विष्णूच सांगतो, आणि लई रंगवून सांगतो. म्हणून म्हटलं, इथं तरी त्याच्या आधी मी लिहून टाकावी.