पालमच्या बाजारातला कैरोचा राजा

ऐंशीच्या सुमारास पालमच्या आठवडी बाजारात एक बायस्कोपवाला यायचा. त्याच्या पेटीत इजिप्तमधलं कैरोचं म्युझियम होतं. आधी दगडी पुतळे, मग सोन्याचे मुखवटे आणि शेवटी हजारो वर्षांपूर्वी मेलेला, कापडात गुंडाळलेला राजा. तो दिसला की बायका भडकायच्या, "मयत दावलीस व्हय रे! आता भर बाजारात आंगूळ कुठं करावी?"

म्हणून त्यानं पेटीशेजारी पाण्याची घागर ठेवली. खेळ संपला की तो गंभीर चेहऱ्यानं प्रत्येकाच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतायचा. मी सुतक-बितक न मानणारा, तरी निमूट पाय पुढं केले. वर चिडून विचारलं, "इतकी वर्षं झाली, अजून उचललं कसं नाही याला?"

"उचलावं कसं, साहेब?" तो म्हणाला. "पावणे यायलेत की अजून."