चावी काढल्यावरही

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, गॅरेजातल्या माणसांना नाही. आणि ज्या दोघांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बोलायला बसलोय. जमतं का पाहू.

नागपूरच्या मनीषनगरात माझं गॅरेज आहे. डिझेल गाड्यांचं काम करतो, तीस वर्षं झाली. त्यातही नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी — कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी मला घेऊन जातात. अमक्याला दाखवली का? मग काही टेन्शन नाही. असं माझ्याबद्दल लोक बोलतात, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. आजूबाजूचे सगळे गप्प होतात. आतलं काय झिजलंय, कुठला इंजेक्टर ठोकतोय, हे मी नुसतं ऐकून सांगायचो.

सांगायचो, असं म्हणालो ना? तिथेच खरी गोम आहे.

घरचं वॉशिंग मशीन काम संपलं की बारीक टीं-टीं करतं. एक दिवस बायको म्हणाली, अहो, केव्हाचं वाजतंय, बंद तरी करा. मी मशीनला पाठ टेकूनच उभा होतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं ग्राइंडर आणि एअरगनशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? जाड आवाज नीट येत होते, बारीक आवाज गेले होते. डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर ते खरं झालं असतं. पेचकस मात्र कानाला लावतच राहिलो — लोक बघत असायचे ना.

आता गाडीकडे येतो. आलो असतो मघाशीच, पण जीभ मागे सरते.

माझी धाकटी बहीण ज्योती नरखेड तालुक्यात दिलेली आहे. जवाई प्रभाकरराव, संत्र्याची बाग, माणूस सरळ आणि कमी बोलणारा. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. आमच्याकडचे सगळे हसले, मीसुद्धा. पण त्यांनी रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव केला, लायसन काढलं आणि मग मला फोन केला. नागपुरात एकाची बदली झाली होती, त्याची सात वर्षं जुनी डिझेल गाडी विकायची होती. भाऊ, तुमी पाहून घ्या, तुमी हो म्हणाल तं घेतो, एवढंच म्हणाले.

मी मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. डिझेल इंजिन थंड असताना खरं बोलतं. गरम झालं की बरंच काही लपवतं. गेल्यागेल्या बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. पहिल्याच फटक्यात चालू झालं. ऑईलचं झाकण काढून त्या भोकावर नुसतं ठेवलं. आतून जोराची हवा येत असेल तर झाकण उडतं. ते जागेवर राहिलं. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला, तो किंचित मळला, तेवढं चालतं. सगळं व्यवस्थित केलं मी. मग पेचकस काढला, डोळे मिटले, आणि मालकाला ॲक्सिलेटर द्यायला सांगितलं.

जवाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान वाकडी केली आणि हळूच विचारलं, "भाऊ, हे बारीक शिट्टीवानी काय वाजून राह्यलं?"

मला शिट्टी ऐकूच आली नव्हती.

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, थोडा वाजतोच, त्यामुळे उत्तर तयार होतं. "टर्बो होय तो. वाजतेच तो, जवाईबापू," म्हणालो. पण थोडं वाजणं वेगळं आणि बेअरिंग गेल्यावरचं किंचाळणं वेगळं. त्या दोन्हींतला फरक कानालाच कळतो. शंका असली तर टर्बोचा हवेचा पाइप काढायचा आणि आत बोट घालून दांडा हलवून पाहायचा. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. केलं असतं तर लोकांना वाटलं असतं, याला आता ऐकून कळत नाही का? एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी.

गाडी घेतली. जवायांनी ती कशी चालवली म्हणून सांगू! ज्योतीला दर आठवड्याला सीताबर्डीच्या बाजारात आणायचे, सासूबाईंना काटोलला दवाखान्यात न्यायचे. रिव्हर्स घेताना मान पूर्ण मागे वळवायचे, आरशावर भरवसा नव्हता. आल्या-आल्या गाडी कशी चालली ते मला सांगायचे. आम्हां मेहुण्या-जवायांत एवढं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

पाच-सहा महिन्यांनी, काटोलच्या पुढे चढावर, इंजिन आपोआप पळू लागलं. जवायांनी गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, ज्योतीला बाहेर काढून लांब जायला सांगितलं. ती कानावर हात ठेवून शेतात पळाली, मागे वळून पाहिलं नाही. रस्त्याला दुसरं कोणी नव्हतं. जवायांनी चावी काढली, चावी हातात घेऊन खाली उतरले, तरी इंजिन ओरडतच राहिलं. पांढरा धूर सगळीकडे. मग मोठा आवाज झाला आणि सगळं शांत.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं उघडली. टर्बोचा दांडा खिळखिळ्या दातासारखा हलत होता, हवेच्या पाइपात ऑईल साचलेलं. टर्बो फुटला की असं होतं — इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळतं, आणि मग त्याला तुमच्या चावीची गरज राहत नाही. ऑईल संपेपर्यंत पळतं आणि जाम होतं. हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे.

दुपारी दोघं घरी आले. चहा झाला. जवायांनी सगळं पुन्हा सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "चावी काढली तरी बंदच नाही झाली, भाऊ. असं होते का?"

एका अक्षराचं उत्तर होतं. त्या घरात ते देऊ शकणारा माणूस मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "डिझेल गाडी चावी काढल्यावर चालतच नाही, जवाईबापू. तुमचा पाय ॲक्सिलेटरवर राह्यला असंन."

"पण मी तं बाहेर होतो. चावी हातात होती माह्या."

"घाबरल्यावर आधीचं-मागचं उलटं-सुलटं होते माणसाचं."

ज्योती म्हणाली, यांचं असंच आहे, दादा, घाबरले की काही सुचत नाही यांना. जवायांनी खाली वाकून स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होते. मी कप उचलून आत नेऊन ठेवले.

ते माझ्या तोंडून निसटलं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नाही. सकाळी टर्बो हातात धरला तेव्हाच वाक्य तयार केलं होतं. मला कशाची भीती होती? धंदा बुडण्याची? नाही. बहीण एवढंच म्हणाली असती की दादा, तुझंही चुकलं. तेवढंही मला नको होतं.

इंजिन मी पुन्हा बांधून दिलं. टर्बो त्याच संध्याकाळी भंगारात टाकला, कोणी पाहायच्या आत. नात्यात माझं कौतुक झालं — भाऊ होता म्हणून निभावलं. जवाई मात्र पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. पहिले दोन महिने बहाणे होते, मग बहाणेही बंद झाले. गाडी विकली. ज्योती आता एसटीनं येते. फोनवर ते मला बागेबद्दल सांगतात, तब्येतीबद्दल विचारतात आणि ज्योतीच्या हातात फोन देतात.

आता मी प्रत्येक गाडीचा पाइप काढून बोट घालून पाहतो. यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. पेचकसही अजून कानाला लावतो, तेही सांगून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात जेवणं झाल्यावर आम्ही बसलो होतो. कोणीतरी नवीन गाडी शिकत होतं, त्याला सल्ले चालू होते. जवाई स्वतःहून बोलले. काटोलच्या पुढचा सगळा प्रसंग सांगितला — चढ, धूर, आवाज. मग चप्पल काढून उजवा पाय मांडवातल्या सतरंजीवर दाबून दाखवला.

"असा धरून ठेवला होता म्या. अजून आठवते मले, तळव्याखाली ॲक्सिलेटर. अन् मले वाटे, चावी काढली."

सगळे हसले. तेही हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "इचारा न भाऊले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

त्यांचा पाय ॲक्सिलेटरवर नव्हता. ते गाडीच्या बाहेर उभे होते, आणि चावी त्यांच्या हातात होती.