साडेचार मिनिटांची नवरी

माझ्या पोरीच्या लग्नाच्या एका कॅसेटमध्ये माझी पोरगी साडेचार मिनिटं हाय. कॅसेट तीन तासांची हाय. उरलेल्या टायमात काय हाय ते आख्ख्या गावानं बघितलंय, मग मीच सांगायला कशाला लाजू?

वडखळच्या अलीकडं खाडीकाठाला आमचं गाव. नवरा लवकर गेला. मी तीस वरसं मिठागरात मीठ ओढलं नी दोन पोरं वाढवली. पायाच्या भेगांत मीठ गेलं की कसं चुरचुरतं ते सांगत बसत नाय. ज्याच्या गेलंय त्याला ठावूक हाय, नी ज्याच्या नाय त्याला सांगून उपेग काय? पोरीचं, कुंदाचं, लगीन वैशाखात उरकलं. ऱ्हायला दिनेश. तो रोह्याला कंपनीत. सायकलनं कासूला जायचा, गाडी धरायचा, शिफ्ट करून परत. गुणाचा पोर. फक्त लग्नाचं नाव काढलं की त्याला ताप यायचा. (खोटा नाय, हात लावला की चटका बसायचा!) मी बोलायची, कंपनीच्या धुरानं होतंय. भगताकडं नेला, नारळ उतरवला, कोंबडा दिला. भगत बोलला, बाधा हाय. कोंबडा खाऊन कोण सांगंल बाधा नाय म्हणून?

तशात रोह्याहून स्थळ आलं. माणसं भातशेतीवाली, घरात फ्रीज. आमची हिरावन्सं, म्हंजे माझी नणंद, हिनं जमवलेलं. तिला दुसऱ्याच्या घरात लग्नं लावायची लय हौस. पाव्हणे शनवारी घर बघायला येणार, नी निरोप काय, तर कुंदाच्या लग्नाची कॅसेट बघायची हाय. तवा तशी रीतच पडलेली. पयले लोक घरात आले की भाताची कणगी बघायचे. आता कॅसेट बघायचे. पंगती किती उठल्या, जीपा किती आल्या, बायकांच्या गळ्यात काय हाय, सगळं बसल्या जागी कळतं. नी आपण विचारलं असं पण दिसत नाय. लबाड मेले.

कॅसेट होती पेणला, सुभाषच्या स्टुडिओत. सुभाष म्हंजे दिनेशचा दोस्त, त्यानंच शूटिंग केलेलं. दिनेश बोलला, "आये, मी आणतो, तू जाऊ नको." मी ऐकते होय? शुक्रवारी पेणला पोहे-पापड घ्यायला गेलेली, तशीच स्टुडिओत शिरली. सुभाष जेवायला गेलेला. त्याचा म्हातारा बाप बसलेला, त्याला धड दिसत नाय. फळीवर दोन कॅसेटी. एक उघडीबोडकी, वर पेनानं कायतरी लिवलेलं. दुसरी जरीच्या कागदात गुंडाळलेली, वर प्लास्टिकचा गुलाब. मला वाचता येत नाय. पण अक्कल हाय ना! लग्नाची कॅसेट कुठली असंल? गुलाबवाली उचलली. म्हातारा बोलला, बाई, सुभाष येऊ दे. मी त्याला सुनावलं की माझ्या पोरीचं लगीन मला वळखता येत नाय का. नी आली ऐटीत घरी.

शनवारी पाव्हणे आले. सांगून आलेल्या पोरीचा बाप नी आय. पोहे झाले, चहा झाला. वडखळवरनं भाड्यानं व्हीसीआर आणलेला. आमच्याकडं रोज दुपारी लाईट जाते. त्या दिवशी गेली नाय.

लावली कॅसेट. पयला गणपती आला. मग दिनेश आला, मांडवाला आंब्याचे टाळे बांधताना. बरं. मग दिनेश पाण्याचं पिंप उचलताना. मग दिनेश घाम पुसताना, सावकाश, इतका सावकाश की रुमाल कपाळावरनं गालावर यायला एक आख्खं गाणं संपलं. गाणं पण बाईच्या आवाजातलं, विरहाचं. मी पाव्हण्यांना बोलली, नवरीचा भाऊ हाय ना, मान असतो. पोरीचा बाप बोलला, व्हय व्हय, असतो.

मंगलाष्टका लागल्या. सगळी दुनिया नवरा-नवरीकडं बघत्येय नी कॅमेरा अक्षता टाकणाऱ्या दिनेशकडं! त्याच्या हातनं तांदूळ सुटले ते खाली पडायलाच तयार नाय. कुंदाच्या गळ्यात माळ पडली ती आम्हाला नुसती ऐकू आली, टाळ्या वाजल्या म्हणून.

"गो वहिनी, कुंदा कुठं हाय?" हिरावन्सं बोलली.

"येईल," मी बोलली. काय सांगू दुसरं?

कुंदा नाय आली. एक लाल बदाम आला. बदामात दिनेशचं तोंड. दुसऱ्या बाजूनं दुसरा बदाम आला, त्यात सुभाषचं तोंड. दोन बदाम गिरक्या घेत घेत आले नी एकमेकांत शिरले. वर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या.

पोरीच्या बापानं चहाची बशी खाली ठेवली. "हे दुसरे कोण?"

"कॅमेरावाला," मी बोलली.

"मग तो कॅमेऱ्याच्या पुढं कसा?"

तेवढ्यात पयली शिफ्ट करून दिनेश दारात. त्यानं टीव्ही बघितला, माझ्याकडं बघितलं. बटण त्याच्या हाताशी होतं. बंद करून हसण्यावारी नेलं असतं तर लगीन ठरलंच असतं, ही माणसं कंपनीची नोकरी बघून बदाम विसरणारीच होती. पण पोर उभाच ऱ्हायला.

"मला लगीन करायचं नाय," तो बोलला. "तुमची पोरगी चांगली असंल, तिचं वाटोळं नाय करायचं मला. माझा जीव सुभाषवर हाय."

पोरीच्या बापाला कळंना. "म्हंजे तुम्ही कंपनी सोडून फोटोच्या धंद्यात जाणार?"

"नाय. लगीन करायचंच असतं तर त्याच्याशी केलं असतं."

आता मला तिथल्या तिथं सगळं उमगलं असं सांगितलं तर देव जीभ झडवील. मला कायबी उमगलं नाय. एवढंच दिसलं की लग्नाची गोष्ट निघालेय नी ह्याच्या कपाळाला हात लावला तर थंड. पाच वरसांत पयल्यांदा. म्हंजे तो ताप कंपनीचा नव्हता. मी आणत होती तो, स्थळं आणून आणून. कोंबडा फुकट गेला.

पोरीची आय शहाणी. उठली नी माझा हात दाबून बोलली, "आज कळलं ते बरं झालं, ताई." नी नवऱ्याला पुढं घालून गेली. हिरावन्संनी मात्र छाती बडवायला घेतली. नाक कापलं, खानदान बुडालं, ह्याला अजून मोठ्या भगताकडं न्या.

"वन्सं," मी बोलली, "तुमचा नवरा पेणला दुसऱ्या बाईकडं जेवून येतो ते सगळं गाव जाणतं. तुमचं नाक जागेवर हाय ना? मग माझं पण राहील."

वन्सं त्यानंतर चार महिने आली नाय. लय निवांत गेले ते चार महिने.

गाव कसं असतं बघा. खिडकीला ही गर्दी! थू थू करत होते नी "मागं घ्या, बदाम परत दाखवा" असं पण बोलत होते. त्यातल्या दोघांनी पुढच्या वरसाला आपल्या पोरींच्या लग्नाला सुभाषलाच सांगितलं. बदाम त्यांना पण पायजे होते.

तवर सुभाष आला लुनावरनं, घामाघूम, हातात उघडीबोडकी कॅसेट. दारातच थबकला. बोलला, "मावशी, तुमची ही हाय. ती... ती माझी घरची हाय."

दिनेश भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काय बोलते त्याच्यावर त्याचं सगळं अडलेलं. मला मोठी भाषणं येत नाय.

"बस," मी बोलली. "पाव्हण्यांचे पोहे उरलेत. दिनेश, त्याला पाणी दे."

दिनेशनं पाणी दिलं. त्यातलं अर्धं सांडलं, मग तो मोरीत जाऊन तोंड धुवायला लागला, बराच वेळ.

खाऊन झाल्यावर मी सुभाषला विचारलं, काय रे, नवरीची आय मी, उसनी नथ घालून दिवसभर मिरवत होती, तुझ्या ह्या सिनेमात मी कुठं हाय?

त्याच्या घशात पोहा अडकला. उठला, कॅसेट पुढं घेतली नी एका जागी थांबवली. अक्षता टाकणारा दिनेश, नी त्याच्या बरोबर तोंडासमोर एक काळा गोळा.

"हा काय रे, कॅमेरा बिघडला?"

"नाय मावशी," तो खाली मान घालून बोलला, "हा तुमचा अंबाडा."